मंजुळाबाईचा अंगठा

मी रागीट माणूस हाये, हे आधीच सांगून ठेवतो. कोणी मले चपराशी म्हटलं की माझं डोस्कं फिरते. हिंगणखेड ग्रामपंचायतीचा शिपाई तुळशीराम म्हणा, मंग पाहिजे तेवढं बसा, पाहिजे ते विचारा. पण ही गोष्ट माझी नाही. ही मंजुळाबाईची हाये, अन् तिच्यात मी अर्ध्यापर्यंत तं हलकटच दिसीन. दिसू द्या. वागलोच तसा, तं दिसीन नाही तं काय?

आमचं गाव वडनेर भोलजीपासून दोन कोस आत. मधात नदी, काळ्या मातीची गाडवाट, अन् वडनेरले पक्की सडक. सडकेवर मोटर सापडली की मलकापूरचा सरकारी दवाखाना तासाभरात. म्हणजे दवाखाना काही लंब नव्हता. लंब होते ते दोन कोस. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती, अन् आमच्या गावात दुखण्याच्या माणसाचं जगणं-मरणं त्या दोन कोसावर ठरे.

मंजुळाबाई नदीच्या काठी भाजीपाला पिकवे. मेथी, वांगी, मिरची. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन वडनेरले पायी जाये. नवरा लवकर वारला. एकच लेक, अन्नपूर्णा. ती पोरगी हसली की दोन घरं पलीकडं ऐकू जाये. पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली तो श्रावण होता. सकाळपासून पोरगी कण्हत राह्यली, मंग दुपारी सुईण सोजराबाई बाहेर आली अन् म्हणाली, "माझ्या हातचं नाही राह्यलं. मलकापूरले न्या. आत्ताच्या आत्ता."

गावात सगळ्यात जोरात पळणारी जोडी म्हणजे हिंमतराव पाटलाची. हरण्या अन् पाखऱ्या. शंकरपटाची जोडी! शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलायची शर्यत, महाशिवरात्रीच्या सुमाराले भरते. पटाची जोडी लोक पोटच्या लेकरापेक्षा जास्त जपतात. तिले नांगर नाही, ओझं नाही, वरून उडदाचा खुराक. अन् एक समजूत पक्की: पटाच्या जोडीनं दुखण्याचं माणूस वाहिलं अन् ते गाडीतच गेलं, तं बैलायची उमेद मरते. मंग ते पटात पळत नाहीत.

मंजुळाबाईनं पाटलाच्या दारात जाऊन पदर पसरला. पाटील म्हणाला, "बाई, दुसरं काही माग. पटाच्या जोडीवर दुखणं नाही वाहत. बापजाद्यापासून चालत आलं हाये." तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. गावातल्या कोण्याही पटवाल्यानं हेच सांगतलं असतं. अन् मी? मी तिथंच उभा होतो. मान हलवून म्हटलं, "बराबर हाये पाटलाचं." मले कोणी विचारलं नव्हतं. जिभेले हाड नसते, म्हणून बोललो.

मंग भावकीतल्या एकाची बंडी निघाली, दोन म्हातारे बैल जुंपून. नदीच्या उतारावर चाक चिखलात रुतलं, अन् तिथंच अन्नपूर्णा गेली. पोटातलं लेकरूही गेलं. मंजुळाबाईनं बंडी फिरवाले सांगतलं, आवाज न चढवता. त्या दिवसापासून गावात तिचा आवाज फारसा कोणी ऐकला नाही.

म्हणूनच तं ती मेंबर झाली! कायद्यानं सांगतलं की पंचायतीत दोन बाया पाहिजेतच. गावातल्या पुढाऱ्यायची पंचाईत. एक जागा सरपंचाच्या काकूले देल्ली, ती कानानं ठार बहिरी. अन् सरपंच कोण? हिंमतराव पाटीलच. दुसऱ्या जागेले पाटील म्हणाला, "मंजुळाबाईले घ्या. गरीब बाई हाये, बोलत नाही, चालत नाही." सगळ्यायनं हाव म्हटलं. तिले विचारलं कोणी? छे!

बायांनी सभेले यायचंच नाही, असा रिवाज पडला. सभा झाली की मी रजिस्टर अन् शाईची गादी घेऊन मंजुळाबाईच्या घरी जाये. ती मेथीच्या जुड्या बांधत राहे. हात पुसून अंगठा पुढं करे. मेथीनं हिरवा झालेला अंगठा, त्याले जांभळी शाई. मी तो दाबून घेई अन् परत. दोन वर्षं हे असं चाललं. काय लिहिलं हाये ते तिनं विचारलं नाही, अन् मी सांगतलं नाही. पोथीवर फूल ठेवावं, तसं ती अंगठा ठेवे अन् मी घेऊन जाये.

एका पौषात मी गेलो तं तिनं हात मागं घेतला.

"तुळशीराम, वाच बरं, काय लिहिलं हाये?"

मले राग आला. "तुले काय करा लागते, काकू? अंगठा दे, मले अजून दोन घरं हायेत."

"अंगठा माझा हाये ना बे? मंग वाच."

चौथी शिकलो होतो मी. अडखळत वाचलं. गावठाणामागचं गायरान महाशिवरात्रीच्या शंकरपटाले देण्यात यावं, असा ठराव होता. दरसालचाच. तिनं हातातली जुडी बांधून घेतली. मंग म्हणाली, "पटाले मैदान द्याले माझा अंगठा लागते?"

"लागते. चार मेंबर बाहेरगावी हायेत. तुह्या बिगर कोरम होत नाही."

"अन् मेंबरनं दुसरं काय काय कराचं असते, ते कुठं लिहून राहते?"

मी थट्टेनं म्हटलं, "कायद्याच्या पुस्तकात. ग्रामसेवकाच्या पेटीत हाये, जाय पाहाले." म्हटलं, गप बसीन. तं बाप्पा, तिनं मेथी खाली टाकली, पदर खोचला अन् माझ्या पुढं चालाले लागली!

ग्रामसेवक वामनराव सरळ माणूस, पण भित्रा. जिल्हा परिषद नवीन-नवीन निघालेली, केव्हा कोण साहेब येऊन रजिस्टर पाहीन याचा त्याले धाक. बाई दारात पाहून तो उभाच राह्यला. पेटीतून पुस्तक काढलं, धूळ झटकली अन् पंचायतीनं करायच्या कामायची यादी वाचाले लागला. रस्ते, विहिरी, दिवाबत्ती, गुरायचं पाणी, वैद्यकीय मदत...

"थांबा," मंजुळाबाई म्हणाली. "हे मागचं पुन्हा वाचा."

त्यानं वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचाले लावलं.

"म्हणजे दुखण्याच्या माणसाले मदत करणं हे पंचायतीचं काम हाये?"

"आहे बाई, पण आपली ऐपत कुठं दवाखाना बांधायची?"

"दवाखाना कोण मांगून राह्यलं? दवाखाना मलकापूरले हाये. तिथं न्याले जोडी पाहिजे. जोडी देणं मदत हाये का नाही?"

वामनराव कान खाजवाले लागला. "कायद्यात जोडी असं लिहिलेलं नाही."

"देऊ नका असं लिहिलं हाये?"

तेही नव्हतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या बाईकडं नीट पाह्यलं. खोटं नाही सांगत, मले भीती वाटली. गावात कोणाचं तरी पायाखालचं सरकून राह्यलं असं वाटलं, अन् आपण कोणाच्या अंगानं उभं राहावं ते समजेना.

तिनं सांगून टाकलं, यापुढं अंगठा घरी मिळणार नाही, सभेतच मिळीन. अन् पटाच्या ठरावाआधी तिचा ठराव. पाटील आधी हसला. मंग दोन दिवसानं हसणं थांबलं. पट तोंडावर आला होता, वडनेर-नांदुऱ्यापर्यंत सांगावे गेले होते, अन् सगळा पट एका मेथीवालीच्या अंगठ्यापाशी अडला होता. चावडीवर लोक त्याले छेडाले लागले, "काय पाटील, बैल पळवता का मेथीच्या जुड्या?" झक मारून त्यानं सभा बोलावली.

मंजुळाबाई आली अन् चटईच्या कडेले बसली. मेंबरायले कुठं पाहावं ते कळेना. तंबाखू मळणारा मळतच राह्यला. तिनं उभं राहून सांगतलं, "गावात पळणाऱ्या सात जोड्या हायेत. एकेका जोडीची आठवड्याची बारी लावा. अडलेली बाई, साप चावलेलं माणूस, विहिरीत पडलेलं, कोणीही. सांगावा आला की ज्याची बारी त्यानं तसंच उठून दमणी जुंपावी, वडनेरच्या सडकेवर पोचवावं. जात पाहू नये, भावकी पाहू नये, भांडण पाहू नये. जो नाही म्हणीन, त्याच्या जोडीले पटाच्या मैदानात पाय ठेवू देऊ नये."

दमणी म्हणजे माणसं बसाची हलकी गाडी. ते ठीक. पण पटाची जोडी दुखण्याच्या दमणीले? एकच गलका झाला. पाटील उसळून म्हणाला, "अन् माणूस गाडीत गेलं तं? माझ्या बैलायची उमेद मेली तं? कोण भरून देणार?"

मंजुळाबाई शांतपणानं म्हणाली, "पाटील, माझी अन्नपूर्णा ज्या बंडीत गेली, तिचे बैल दुसऱ्या दिवशी शेतात डवऱ्याले चालले. म्हातारे होते, तरी चालले. मी पाह्यलं ना माझ्या डोळ्यानं. उमेद माणसायची मरते. बैलायची नाही."

मी दाराशी उभा होतो अन् मले माझंच वाक्य आठवत होतं, बराबर हाये पाटलाचं. मातीत जाऊन गडप व्हावं असं वाटलं.

ठराव झाला. प्रेमानं नाही झाला, पटाच्या लोभानं झाला, पण झाला. बाऱ्या लिहाले घेतल्या तेव्हा पाटलाले हुशारी सुचली. "पटाच्या आठवड्यात माझी बारी लिव, वामनराव. सगळं गाव मैदानात राहते. पट सोडून दुखणं काढाले कोणाले सवड हाये?" सगळे हसले. पाटलानं लंबीचौडी सही ठोकली. खाली मंजुळाबाईचा अंगठा. त्या दिवशी तिनं तो स्वतः गादीवर दाबला, मी हात धरला नाही. ठराव मलकापूरच्या पंचायत समितीत गेला अन् शिक्का लागून परत आला. मी तो चावडीच्या भिंतीले लेई लावून चिकटवला. पट्टीनं सरळ केला. इतक्या मनानं मी कोणताच कागद चिकटवला नव्हता.

पटाचा दिवस. गायरानात माणूसच माणूस. डफडं वाजून राह्यलं, धुरळा आभाळाले. मंजुळाबाई कडेले बोरं विकत बसली होती. ऐन दुपारी शेवटची फेरी आली: इकडून हरण्या-पाखऱ्या, तिकडून वडनेरच्या शेषरावची जोडी. पाटील स्वतः धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा. कासरा हातात घेतलेला, निशाणाची वाट पाहून राह्यला होता. तितक्यात गर्दी फाडत कय्यूम पिंजारी आला. गाद्या-रजया भरणारा गरीब माणूस, डोक्यावर टोपी नाही, पायात जोडा नाही.

"पाटील! सरवरी..." बायकोचं नाव घेतलं अन् त्याले श्वास पुरेना. "लेकरू आडवं हाये. सोजराबाई म्हणते मलकापूरले न्या, नाही तं दोन्ही जीव जातीन."

डफडं थांबलं. हजार माणसं होती, पण बैलायच्या गळ्यातल्या घुंगरायचाच काय तो आवाज. पाटलानं मैदानाकडं पाह्यलं, बैलाकडं पाह्यलं. वर्षभर ज्याच्यासाठी उडीद चारला ते समोर होतं.

"कय्यूम, एक फेरी होऊ दे. पाच मिनटाचं काम हाये. मंग मी सोता नेतो, मायची आन."

कय्यूम मटकन खाली बसला. अन् माझं डोस्कं फिरलं. या खेपेले चांगल्या कामाले फिरलं! मी ओरडलो, "पाटील, बारी तुमची हाये! भिंतीवर चिकटवलं हाये मी! पाच मिनट कुठंच लिहिलेले नाहीत!"

पाटील माझ्यावर धावून आला असता. पण तवर मंजुळाबाई उठली होती. बोरायची पाटी कलंडली, तिनं पाह्यलंही नाही. येऊन जोडीच्या समोर उभी राह्यली, हरण्याच्या वेसणीले हात घातला.

"पाटील, खाली सही तुमची हाये," ती म्हणाली. "माझा तं नुसता अंगठा हाये."

बस. अन्नपूर्णेचं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तं पाटील कदाचित चिडला असता. नाही घेतलं, म्हणूनच तो आतून हलला. मी पाहून राह्यलो होतो, त्याचा चेहरा पार उतरला. अन् मंग तो असा गरजला की बैल दचकले, "दमणी आना रे! पाहून काय राह्यले? सोडा ही पटाची गाडी!"

पलीकडून शेषराव ओरडला, "जाय हिंमतराव! एकट्यानं पळून कोणी पहिला येत नसते. तुह्या बिगर मी पळणार नाही!" अन् लोकायनं अशी आरोळी ठोकली की काय सांगू!

कय्यूमच्या घरून सरवरीले उचलून घेतलं. दमणीत ती, कय्यूम, मंजुळाबाई, अन् मागं लटकून मी. पाटील धुरेवर. मी जन्मभर पट पाह्यले, पण तशी दौड पाह्यली नाही. पाटलानं चाबूक उचललाच नाही. "चाल माझ्या राजा, चाल माझ्या लेकरा," असं बोलत राह्यला अन् बैल पळत राह्यले. खड्डा आला की ते दोघं आपसूक धीमे होत, जसं आत कोण हाये ते त्यायले माहीत हाये. मंजुळाबाईनं सरवरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "डोळे मिटू नको माय. माह्याकडं पाह्य. तुह्या लेकराले मी मेथीचे लाडू करीन, ऐकून राह्यली ना?"

नदीचा उतार आला. मंजुळाबाईनं सरवरीचं डोकं छातीशी धरलं. पाटील धुरेवर उभा राह्यला, बैलायले हाक देल्ली, अन् पाणी उडवत दमणी पलीकडं! एका दमात! चाक कुठं अडलं नाही. तेव्हा मंजुळाबाईनं श्वास सोडला, अन् मीही सोडला.

वडनेरले एस. टी. सुटून राह्यली होती. पाटलानं दमणी सरळ सडकेवर आडवी घातली. कंडक्टर आधी शिव्या देत उतरला, मंग आत पाह्यलं अन् सोताच मागचं बाकडं रिकामं केलं. सरवरी, कय्यूम अन् मंजुळाबाई गाडीत बसून गेले. मी अन् पाटील सडकेच्या कडेले राह्यलो. गावाले परत जाऊ म्हटलं तं तो हलेना. बैलायचं अंग पुसत बसला. भाकर देल्ली, ती तशीच पडून राह्यली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीतून मंजुळाबाई एकटीच उतरली. पाटलाच्यानं विचारवेना. मीच विचारलं.

"पोट्टी झाली," ती म्हणाली. "दोघी जित्या हायेत. डॉक्टरीणबाई म्हणे, पाच मिनटं अजून गेली असती तं दोघी हाती लागल्या नसत्या."

मी सडकेवर नाचलो. खरंच नाचलो, लाज कायची? आज ती पोट्टी चार लेकरायची माय हाये, तरी गाव तिले 'पटाची पोट्टी'च म्हणते, अन् तीही ओ देते. बैलायच्या उमेदीचं म्हणाल तं पुढच्या साली हरण्या-पाखऱ्याच पटात पहिले आले. अन् त्या ठरावाची नक्कल आजूबाजूच्या गावायनं मांगून नेली. वामनराव लिहून-लिहून थकला, मी पोचवून-पोचवून. नक्कल देताना मी दरवेळी सांगे, अंगठा कोणाचा हाये ते पाहा आधी.

पण मले आठवते ते त्या दिवसाचं परतणं. नदीच्या उतारावर पाटलानं दमणी थांबवली. बैल पाणी प्याले लागले. तो खाली उतरला, त्याच जागेवर उभा राह्यला, अन् एवढा मोठा सहा फुटाचा माणूस लेकरावाणी हुंदके देऊन रडाले लागला.

"मंजुळाबाई, तेव्हाही जोडी जुंपाले पाच मिनटंच लागली असती वं. माझ्या दारात जोडी उभी होती. अन्नपूर्णा वाचली असती. मी मारली तिले." त्यानं हात जोडले.

तिच्याही डोळ्यातून पाणी चाललं होतं. तिनं ते पदरानं पुसलं नाही, वाहू देल्लं. मंग दमणीतून उतरली, पाखऱ्याच्या पाठीवर हात फिरवला.

"माझी लेक काही परत येत नाही, पाटील," ती म्हणाली. "पण काल ही दमणी पलीकडं गेली. आता रडू नका. बैलायले पोटभर पाणी पाजा अन् घरी नेऊन उडीद चारा. बारी तुमची अजून तीन दिवस हाये."